माघारीचा नारळ

बाळांनो, क्षणभर एक मैदान डोळ्यांसमोर आणा. कबड्डीचं. चुन्याच्या रेघा मारून झाल्या आहेत, दोन्ही बाजूंची पोरं मांड्या थोपटून उभी आहेत आणि तुम्ही पुढं सरकून बसला आहात. तेवढ्यात चार मोठी माणसं येतात आणि म्हणतात, "खेळाल तर गुडघे फुटतील, वर भांडणं होतील. त्यापेक्षा आम्ही लिंबाखाली बसून ठरवतो, कोण जिंकलं ते." ती बसतात, चहा पितात, ठरवतात. हरलेल्या बाजूला हार घालतात. आणि मग सगळे म्हणतात, काय सुंदर सामना झाला, कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

हसू आलं ना? आता असं समजा, की एक अख्खं गाव असंच खेळतं, आणि त्या खेळाला लोकशाही म्हणतं.

त्या गावाचं नाव अंबोडखेड. वडनेर भोलजीवरून हायवे सोडला की कपाशीच्या शेतांमधून रस्ता आत जातो आणि गावाच्या तोंडाशी कमान लागते. कमानीवर लिहिलेलं आहे, 'बिनविरोध गाव अंबोडखेड आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' बिनविरोध म्हणजे निवडणूक तर लागते, पण उभा एकच माणूस राहतो, म्हणून मत द्यायची वेळच येत नाही. गावाला याचा इतका अभिमान, की लग्नपत्रिकेतसुद्धा गावाच्या नावाआधी 'बिनविरोध' छापतात.

हे जमायचं कसं, तेही सांगतो. पंचायतीची निवडणूक लागली की मारुतीच्या पारावर बैठक बसे. मधोमध पुंजाजी आबा. सत्तरी उलटलेली, आवाज लोण्यासारखा, आयुष्यात कुणावर ओरडले नाहीत. ते विचारत, "कोणाले उभं राह्याचं हाये?" सगळे जमिनीकडं बघत. मग आबा एक नाव घेत. ते नाव बहुतेक वेळा त्यांच्याच घरातलं निघे, त्याला ते तरी काय करणार. एकदा सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी गीताबाई सरपंच झाल्या. हे गीताबाईंना दुसऱ्या दिवशी कळलं, लोक हार घेऊन दारात आले तेव्हा.

आणि कुणी अर्ज भरलाच, तर त्याला कुणी धमकावत नसे. छे. आबा स्वतः त्याच्या घरी चहाला जात. मग तो माघार घेई, आणि त्याचा पारावर सत्कार होई. टोपी, उपरणं आणि नारळ. त्याला गावात माघारीचा नारळ म्हणत. निवडून येणाऱ्याला नारळ मिळत नसे. त्याला ग्रामपंचायत मिळे.

सुवर्णाच्या घरी असे दोन नारळ येऊन गेले होते. सुवर्णा सातवीत होती, भीमनगरात राहत होती, आणि तिचे वडील संघपाल गावच्या नळयोजनेचा व्हॉल्व्ह सोडायचं काम करत होते. त्यांनी दोनदा अर्ज भरला आणि दोनदा आबा चहाला आले. "दोन नारळ आले घरात," सुवर्णाची आई रुख्मिणी म्हणे, "त्यातला एक नासका निघाला." उपरणं मात्र दोन्ही वेळेचं चांगलं होतं. एकाने संघपाल सायकल पुसत.

अशा या गावात एक दिवस डॉक्टर दीपक बोरगावकर आले. हे सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत, पुस्तकं लिहिणारे. मूळचे खामगावचे, पण आता परदेशातल्या विद्यापीठात शिकवत. जगातल्या कोणत्या देशात किती लोकशाही आहे ते मोजायचं, हे त्यांचं काम. ताप मोजावा तशी ते लोकशाही मोजत आणि देशांना गुण देत. त्यांचं नवं पुस्तक सहमतीवर होतं. भांडण न करता, मतं न मोजता सगळे एकमताने ठरवतात, असं ठिकाण ते शोधत होते. पुस्तकाचा शेवट त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. फक्त तो जिथं घडतो ते गाव सापडायचं राहिलं होतं. कमानीवरची पाटी वाचली आणि ते गाडीतून खाली उतरले.

मुक्काम अर्थातच पुंजाजी आबांकडं. गीताबाईंच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खात त्यांनी आबांना विचारलं, "गावात असहमती अजिबात नसते?" आबा म्हणाले, "असते ना. पण तिले आम्ही इच्यारत नाई." डॉक्टरांना हे फार खोल वाटलं.

मग ते शाळेत आले. शाळेतल्या वंदना मॅडम नुकत्याच चिखलीकडून बदलून आल्या होत्या, त्यामुळं त्यांना गावाच्या बऱ्याच गोष्टी अजून माहीत नव्हत्या. त्यांनी डॉक्टरांना वर्गावर नेलं आणि म्हणाल्या, "सर, पोरांना जगातल्या निवडणुका सांगा."

एक गोष्ट मान्य करायला हवी, डॉक्टर सांगायचे छान. ऑस्ट्रेलियात मत न देणाऱ्याला दंड होतो, हे त्यांनी सांगितलं. स्वित्झर्लंडच्या काही भागात लोक अजूनही मोकळ्या चौकात जमून हात वर करतात. आणि आफ्रिकेत गांबिया नावाचा चिमुकला देश आहे, तिथं लोकांनी वर्षानुवर्षं गोटीने मत दिलं आहे.

"गोटीनं?" गोविंदा जागा झाला. हा आबांचा नातू. तो वर्गात झोपे आणि मैदानावर जागा राही.

"हो. प्रत्येक उमेदवाराचा एक डबा. आडोशाला जायचं, आपल्या आवडत्या डब्यात गोटी टाकायची. आत घंटी असते. गोटी पडली की टण वाजतं, म्हणजे बाहेरच्या माणसांना कळतं की एकानं एकदाच मत दिलं. आणि त्या दिवशी मतदानाच्या जागेजवळ सायकल न्यायची नाही, कारण सायकलची घंटी मधेच वाजली तर घोटाळा."

वर्ग हसला. सुवर्णा हसली नाही. ती त्या आवाजाचा विचार करत होती. आत कोण आहे ते दिसत नाही, पण आवाज तर सगळ्यांना ऐकावाच लागतो. कुणालाही म्हणता येत नाही, की ऐकू आला नाही.

तिनं हात वर केला. "सर, तिथं माघार घेतल्यावर नारळ देतात का?"

डॉक्टर गोड हसले. "नाही. त्या बाबतीत तुमचं गाव त्यांच्या पुढं आहे."

वंदना मॅडमना मात्र कल्पना आवडली. शाळेच्या मंत्रिमंडळाची निवड व्हायची होतीच. त्या म्हणाल्या, "यंदा शाळेचा मुख्यमंत्री आपण गोट्यांनी निवडू. कोण उभं राहतंय?"

वर्गातली पोरं जमिनीकडं बघू लागली. वळणच तसं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी गोविंदाला ढोसलं, "तुझंच नाव राह्यते बे, हो म्हण." गोविंदा म्हणाला, "हाव," आणि पुन्हा कलंडला.

"अजून कोणी?"

"मी," सुवर्णा म्हणाली.

तिच्या शेजारी बसणाऱ्या पूनमनं तिचा फ्रॉक खाली ओढला. पण तोवर मॅडमनी फळ्यावर नाव लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी पुंजाजी आबा भीमनगरात चहाला आले.

गल्लीतल्या बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. संघपालांनी खुर्ची पुसली, मग पुन्हा पुसली. आबा बसले, चहाला छान म्हणाले, नळाला पाणी कसं येतं ते विचारलं. संघपालच पाणी सोडत असल्यामुळं त्यांना काय उत्तर द्यावं ते कळेना.

"पोट्टी हुशार हाये तुही," आबा म्हणाले. "उभी राह्यली ना शायेत. चांगलं हाये. आपलं काई म्हणनं नाई."

"लहान हाये, आबाजी. समजत नाई तिले."

"समजते, समजते. मी कायले नाई म्हनू? पोरीनं ठरवावं. फक्त तो पाहुणा पुस्तक लिहून राह्यला आपल्या गावावर. पह्यल्यांदाच गावाचं नाव जगात चाललं. आन् त्यात शायेतच दोन तट पडले असं छापून आलं, तं कसं दिसंन?" त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. "तिनं काय ठरवलं ते सांगजो मले. नारळ आणायले खामगावले पोरगा पाठवा लागते ना."

ते गेल्यावर संघपालांनी रिकामी कपबशी उचलली.

"घे ना माघार," संघपाल म्हणाले. "मी दोनदा घेतली. काय झालं मले?"

"काईच नाई झालं," आतून रुख्मिणी म्हणाली. "तेच तं म्हणते मी."

"तू चूप बस व."

"बाबा," सुवर्णा म्हणाली, "मले मुख्यमंत्रीच व्हायचं हाये असं नाई. गोविंदाले जास्त गोट्या पडल्या तं पडू द्या. मले फक्त पाह्यचं हाये, माह्या डब्यात किती वाजतात ते."

संघपालांनी मुलीकडं पाहिलं. त्यांच्या दोन्ही वेळेला हाच प्रश्न राहून गेला होता, आणि तो त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह सोडायला जायचं होतं, आणि व्हॉल्व्हची किल्ली ग्रामपंचायतीची होती. ते म्हणाले, "किती का वाजेना. वाजून वाजून काय, पाणी येनार हाये का त्यातून?"

सुवर्णानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण सकाळपर्यंत गावात पसरलं, की पोरीनं ऐकलं. ती काही म्हणाली का, हे कुणी विचारलं नाही. अंबोडखेडात ते विचारायची पद्धतच नव्हती.

डॉक्टरांचा आनंद तर गगनात मावेना. एक उमेदवार स्वखुशीनं माघार घेणार, आणि ते त्यांच्या कॅमेऱ्यासमोर. त्यांनी सुवर्णाला शाळेच्या लिंबाखाली बोलावलं आणि मांडीवर टॅबलेट घेऊन बसले.

"माघार घेताना तुला किती मोकळं वाटतंय? एक ते दहामध्ये सांग. एक म्हणजे थोडं, दहा म्हणजे खूप."

"शून्य हाये का?"

"शून्य नाही. मोजपट्टी एकपासून सुरू होते."

"काऊन?"

डॉक्टरांना इतक्या देशांत कुणी हे विचारलं नव्हतं. "ती तशीच बनवली आहे," ते म्हणाले. "जगभर हीच वापरतात."

डॉक्टरांनी तिच्या वतीनं सात भरले. लाजाळू मुलांना ते सातच देत.

"सर, तुम्ही कोणाले मत देता?"

"मी?" डॉक्टर हसले. "माझं नाव खामगावला आहे मतदार यादीत. पण असं होतं बघ, मतदानाच्या दिवशी मी नेमका कुठल्या तरी परिषदेत असतो. मागच्या वेळी बर्लिनला होतो. लोक मतदान का करत नाहीत, यावर चर्चा होती."

"ऑस्ट्रेलियात असते तं तुम्हाले दंड झाला असता."

"तू फार गोड आहेस," डॉक्टर म्हणाले आणि टॅबलेट मिटलं.

शनिवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. व्यासपीठावर आबा, गीताबाई, डॉक्टर, वंदना मॅडम. कडेला मॅडमनी हौसेनं केलेली सोय: तेलाचे दोन रिकामे डबे, आत सायकलच्या घंट्यांच्या वाट्या टांगलेल्या, समोर साडीचा आडोसा. प्रत्येक डब्याला एकेक पाटी टेकवलेली, एकीवर खडूनं 'गोविंदा', दुसरीवर 'सुवर्णा'. पोरं रांगेनं बसली होती आणि प्रत्येकाच्या मुठीत एकेक गोटी होती. मॅडमना अजूनही वाटत होतं की मतदान होणार आहे. बाकी सगळ्यांना माहीत होतं की होणार नाही. टेबलावर ताटात टोपी, उपरणं, पेढे आणि खामगावहून आणलेला नारळ.

आबा उठले. गावाच्या एकजुटीबद्दल बोलले, आणि म्हणाले, "आता आपली एक लेक सोताहून दोन शब्द सांगनार हाये."

सुवर्णा उठायला आणि गोविंदा व्यासपीठावर चढायला एकच गाठ पडली.

गोविंदाचं काय झालं होतं, तर त्याला आदल्या दिवशी मॅडमनी मुख्यमंत्र्याची कामं समजावली होती. रोज परिपाठाला सगळ्यांच्या आधी यायचं, पुढं उभं राहून प्रतिज्ञा म्हणायची, आणि सुट्टीत मैदानावर न जाता हात धुण्याच्या नळापाशी उभं राहायचं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. आणि आता त्याला ताटातले पेढे दिसत होते.

"मी माघार घेतो," गोविंदा माईकवर म्हणाला. "सोताहून." आणि त्यानं नारळ उचलला.

पटांगणात कुजबुज झाली. आबा पहिल्यांदाच अडखळले. "गोविंदा, बेटा, तुही नाई. तिची."

"तिची काऊन? मीच घेतो ना. तुम्हीच म्हणता, माघार घेनारा मोठा राह्यते."

"तू लहान हायेस. तुले समजत नाई."

"ती तं माह्याच वर्गात हाये, आबा."

गीताबाई पदरात तोंड लपवून हसल्या. सरपंच झाल्यापासून एवढ्या मोकळेपणानं त्या पहिल्यांदाच हसत होत्या. डॉक्टर टाचा उंचावून चित्रीकरण करत होते. "विलक्षण आहे," ते पुटपुटत होते. "माघार घेण्याचीच स्पर्धा."

आबांनी डोळे मिटले. गाव वाट बघत राहिलं. आबा काही उगीच इतकी वर्षं गाव चालवत नव्हते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर लोणी परत आलं होतं.

"झालं तं मग," ते म्हणाले. "सुवर्णा बिनविरोध. भीमनगरची लेक, आन् तिले एकानंही इरोध केला नाई. हे लिहा सायेब पुस्तकात. असं गाव दाखवा म्हना जगात."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात संघपालांनी वाजवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नारळ न घेता त्यांच्या घरात काहीतरी येत होतं, तेही आबांच्या तोंडून. रुख्मिणी मात्र टाळ्या न वाजवता मुलीकडं बघत होती.

सुवर्णा व्यासपीठावर गेली. आता तिला फक्त हात जोडायचे होते. गोविंदाची माघार झाली होती, आबा खूश होते, बाबांची व्हॉल्व्हची किल्ली शाबूत होती. मुख्यमंत्रिपद तिचं झालं होतं. तिनं डब्यांकडं पाहिलं. दोन्ही रिकामे.

"मॅडम, कोणीच गोटी टाकली नाई."

"आता गरजच नाही ना," वंदना मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा पडला होता.

"मग मी किती जणाईले पाह्यजे होती, ते कसं समजंन?"

"सगळ्याईले पाह्यजे होती, बेटा," आबा म्हणाले. "म्हणून तं बिनविरोध."

"सगळ्याईनं कुठी सांगतलं, आबाजी?"

आबांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर सुवर्णाकडं वाकले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळ, सहमती मोजायची नसते. मोजली की ती मोडते."

"मग तुम्ही काय मोजता?" सुवर्णानं विचारलं. ती उर्मटपणे बोलली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टर कॅमेऱ्याचं बटण शोधू लागले. सुवर्णा व्यासपीठावरून खाली उतरली आणि पोरांच्या रांगांसमोर जाऊन उभी राहिली.

"माह्या इरोधात कोण उभं राह्यते?"

कुणी हललं नाही. संघपालांच्या टाळ्या थांबल्या. गोविंदा पेढा खात होता, तो मान हलवून म्हणाला, "मी नाई."

"राह्या ना कोणी," सुवर्णा म्हणाली.

पूनम अर्धी उठली, बसली, परत उठली. पूनम गाणी म्हणे, सगळ्यांना खोडरबर देई आणि पहिलीच्या पोरांची नाकं पुसे. तिच्यावर रागावलेलं पोर शाळेत शोधून सापडलं नसतं.

"मी राह्यली तं तुले राग येईन," पूनम म्हणाली.

"येऊ दे. राह्य तू."

"आन् मीच निवडून आली तं?"

हा विचार सुवर्णानं केला नव्हता. तिनं रांगांकडं पाहिलं, पहिलीतल्या पोरांकडं पाहिलं, आणि तिला कळलं की हे सहज होऊ शकतं. मागं आबा कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते, की पोट्टीले ऊन लागलं असंन, घरी न्या. डॉक्टरांनी कॅमेरा बंद केला होता. यातलं काहीच पुस्तकाच्या शेवटात बसण्यासारखं नव्हतं.

"तं तू मुख्यमंत्री," सुवर्णा म्हणाली.

मग ती गोविंदाच्या डब्यापाशी गेली. पाटीवरचं नाव तिनं तळव्यानं पुसलं आणि तिथं 'पूनम' लिहिलं, शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. तो डबा थोडा मागं राहिला होता, तो ओढून आपल्या डब्याच्या बरोबरीला आणला. आडोशाची साडी सारखी केली. आणि आपली गोटी मुठीत धरून ती जाऊन रांगेत उभी राहिली, सगळ्यांच्या मागं.